लेकीला कॅनडात द्राक्षबाग करायचीय, जमीन कशी बघावी? (आणि थंडीचे बाकीचे प्रश्न)

या महिन्यात थंडीवरचे प्रश्न लई आले, त्यात द्राक्षवाल्यांचे जास्त. साहजिक आहे, डिसेंबर-जानेवारीत बागायतदाराचं अर्धं लक्ष मोबाईलवरच्या हवामानात असतंय. एक पत्र मात्र वेगळंच निघालं म्हणून तेच आधी घेतो आणि जागाही त्यालाच जास्त देतो, कारण त्याच्या उत्तरात खालच्या दोघा-तिघांची अर्धी उत्तरं येऊन जातात.

प्रश्न : साहेब नमस्कार. मी औसा तालुक्यातला, चार एकर द्राक्ष आहे, माणिक चमन. लेक आणि जावईबापू कॅनडात ओंटारियोला असतात, दोघं नोकरीला. आता त्यांच्या डोक्यात आलंय की दहा-बारा एकर घेऊन वाईनची द्राक्षं लावायची. दोन जागा बघितल्यात. एक सपाट, ओढ्याकाठची, काळी कसदार, स्वस्त. दुसरी त्याच रस्त्यावर वर, उताराची, खडे-गोटे असलेली, अन् जवळपास दीडपट महाग. मी म्हणलं काळी घ्या, पाणी जवळ आहे, माती एक नंबर. जावई म्हणतात मामा, इथं तसं चालत नसतंय. घरात यावरून रोज व्हिडिओ कॉलवर चर्चा. तुम्ही सांगा कोणाचं बरोबर.

उत्तर : काका, जावई बरोबर सांगतायत. तुम्ही औशाचा हिशेब लावला एवढंच. आपल्याकडं जमीन बघताना पहिला प्रश्न पाण्याचा, विहिरीला किती महिने पाणी, बोअर किती फुटाला लागलं, शेततळ्याला जागा आहे का, मग माती. तिकडं पहिला प्रश्न थंडीचा, आणि तोसुद्धा ‘थंडी किती पडते’ एवढाच नाही, तर रात्रीची गार हवा या शेतातून कुठं जाते आणि कुठं साचते हा. बाकीचं पैसे घालून दुरुस्त होतंय, निचरा काढता येतो, खत घालता येतं, जात बदलता येते, पण शेताचा चढ-उतार विकत घेताना जो मिळाला तोच कायमचा.

आधी हे ध्यानात घ्या की तिकडची वेल झोपते. आपली झोपत नाही, आपण एप्रिलला खरड छाटणी घेतो (नवी काडी तयार करायला), ऑक्टोबरला गोड छाटणी (फळासाठी), काडीवरचे डोळे, म्हणजे कोंबाच्या कळ्या, एकसारखे फुटाव्यात म्हणून हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लावतो, वेलीला खरी विश्रांती अशी नाहीच. ओंटारियोत ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानं गळतात आणि तिथून थेट एप्रिल-मे पर्यंत नुसती तपकिरी काडी बर्फात उभी असते. या चक्रात थंडी तिला तीन वेळा गाठू शकते. एक म्हणजे ऐन हिवाळ्यात, पारा उणे २० च्या आसपास गेला की काडीवरचे डोळेच मरायला लागतात. रिस्लिंग, शार्डोने, कॅबर्ने या युरोपातल्या नेहमीच्या जाती साधारण उणे १८ ते उणे २३ डिग्रीच्या दरम्यान मार खातात, जातीप्रमाणं मागंपुढं होतंय आणि आधीचा आठवडा कसा गेला यावरही असतंय, म्हणजे फेब्रुवारीत चार दिवस ऊबदार गेले, वेल जराशी सैल पडली आणि लगेच कडाका आला तर नुकसान जास्त. दुसरी वेळ वसंतातली. कोंब फुटून बोटभर झाले की ते उणे २ ला सुद्धा काळे पडतात. जी वेल जानेवारीत उणे वीस सोसून बसली होती तीच मे महिन्यात उणे दोनला हात टेकते! तिसरी वेळ सप्टेंबर-ऑक्टोबरची, पानं लवकर जळाली की साखर भरायची थांबते आणि काडी पिकायची राहते, आणि न पिकलेली काडी हिवाळ्यात आधी मरते, तुम्ही बागायतदार आहात, काडीची पक्वता म्हणजे काय ते तुम्हाला मी काय सांगणार.

आता हवेचं. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला, अशा रात्री जमीन आपली उष्णता वर सोडत राहते, जमिनीलगतची हवा गार होते, गार हवा जड, म्हणून ती पाण्यासारखी उताराला लागते. हळू, काही चाहूल नाही. जिथं सखल भाग, आडवा बांध, झाडांची दाट रांग, तिथं तुंबते. आपल्या भागात पाणलोटाची कामं झालेली सगळ्यांनी बघितलीत, जालन्याच्या कडवंचीला तर माथा ते पायथा कामं झाली, शेततळी झाली आणि त्यावर द्राक्ष उभं राहिलं. तसाच सगळा उतार डोळ्यापुढं आणा, फक्त हेतू उलटा, आपल्याला पाणी अडवायचं असतंय आणि तिकडं हवा अडू द्यायची नसते. तुमच्या लेकीनं बघितलेली ओढ्याकाठची स्वस्त जमीन म्हणजे वरच्या सगळ्या शेतांची गार हवा येऊन मुक्काम करायची जागा. अशा रात्री वरच्या आणि खालच्या टोकात दोन-तीन डिग्रीचा फरक सहज पडतो. ऐकायला कमी वाटतंय, पण वर शून्य आणि खाली उणे तीन असेल तर वरचे कोंब हिरवे आणि खालचे काळे, वर्षाचं पीक तेवढ्यात गेलं.

अगदी माथाही नको बरं का. माथ्यावर वारा झोडपतो, आणि उंची वाढली की दर १०० मीटरला अर्धा-पाऊण डिग्री तापमान उतरत जातंय. मधला पट्टा धरायचा. गार हवा खाली सरकली की तिच्या जागी वरची जराशी कोमट हवा येते, म्हणून मधल्या पट्ट्यात रात्र त्यातल्या त्यात नरम जाते. उतार दर १०० फुटाला ५ ते १० फूट असला की छान, १५ च्या वर गेला की ट्रॅक्टर उलटायची भीती आणि पावसात माती खाली जायची ती वेगळी. जर्मनीत मोझेल नदीकाठी ब्रेम गावाजवळ कालमोंट म्हणून उतार आहे, साठ डिग्रीच्या वर खडा, तिथं शेकडो वर्षं द्राक्ष होतंय, पण सगळं हातानं आणि एकरुळी गाडीवर. नोकरी सांभाळून बाग करणाऱ्या माणसानं त्या वाटेला जाऊ नये.

उताराचं तोंड कुठं, हा पुढचा मुद्दा. लातूर साधारण १८ अंशावर आहे, मे महिन्यात सूर्य डोक्यावरून जातो, आपल्याला उतार दक्षिणेला का उत्तरेला यानं फार फरक पडत नाही. नायगाराच्या भागात, ४३ अंशावर, २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम साडेतेवीस अंश चढतो, म्हणून तिथं दक्षिणेकडं तोंड असलेल्या उताराला ऊन जास्त मिळतं, माती लवकर तापते, मणी नीट पिकतो. सगळी पुस्तकं दक्षिण उतार घ्या म्हणतात ते यासाठी. पण याला दुसरी बाजू आहे आणि ती विकणारा माणूस सांगत नाही. दक्षिण उतारावर वेल लवकर जागी होते, लवकर जागी झाली की वसंताच्या गोठणाऱ्या रात्रीत सापडायचा धोका वाढतो, शिवाय हिवाळ्यात दिवसा उन्हानं खोड तापतं अन् रात्री एकदम गारठतं, त्यात साल फुटते आणि फुटलेल्या जागी खोडावर गाठी आणणारा जिवाणू घुसतो. पूर्वेचा उतार मला जास्त आवडतो, सकाळचं ऊन आधी येतं, दव लवकर उडतं, त्यामुळं डाऊनीसारख्या ओलाव्यावर वाढणाऱ्या रोगाचा त्रास कमी. हंगाम लांब असेल तर पूर्व, आखूड असेल तर दक्षिण, असं धरून चालायला हरकत नाही.

तळं किती लांब हेही विचारा. ओंटारियोत द्राक्ष होतंय याचं मोठं कारण तिथली तळी. नायगाराच्या एका अंगाला ओंटारियो सरोवर, ते २४० मीटरच्या वर खोल, इतकं खोल पाणी सहसा पूर्ण गोठत नाही, म्हणून हिवाळ्यात ते आजूबाजूची हवा नरम ठेवतं, आणि वसंतात तेच पाणी गार राहून डोळे फुटायला उशीर लावतं, जो आपल्याला पाहिजेच असतो. दुसऱ्या अंगाला लांबलचक कडा आहे, तळ्यावरचा वारा त्या कड्यापर्यंत जातो आणि परत फिरतो, हवा साचून राहत नाही. शेजारचं ईरी सरोवर त्या मानानं उथळ, ते बऱ्याच हिवाळ्यांत बरंचसं गोठून जातं आणि एकदा वर बर्फ धरला की त्याची ऊब संपली. म्हणून नुसतं ‘लेक जवळ आहे’ एवढ्यावर भुलू नका, तळं खोल आहे का आणि जमीन त्याच्यापासून किती आत आहे ते बघा. न्यूयॉर्क राज्यात फिंगर लेक्स म्हणून लांबट खोल तळी आहेत, तिथं युरोपातल्या जाती टिकणारच नाहीत असं लोक म्हणायचे, युक्रेनहून आलेल्या कॉन्स्टंटिन फ्रँक नावाच्या माणसानं योग्य खुंट (ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधतात तो) आणि तळ्यावरचा उतार निवडून त्या टिकवून दाखवल्या, १९६२ ला स्वतःची वायनरी सुरू केली, आज तो भाग रिस्लिंगसाठी नावाजलेला आहे.

मातीबद्दल तुमचा जीव काळ्या जमिनीत अडकलाय ते मला कळतंय, पण वाईनच्या द्राक्षाला आणि त्यातून थंड मुलखात कसदार माती नडते. काडी वाढतच राहते, सप्टेंबर आला तरी शेंडा चालू, मग पिकणार कधी आणि थंडीला घट्ट होणार कधी. खडे-गोट्याची, मध्यम, निचऱ्याची जमीन बरी. खोली अडीच-तीन फूट मिळाली तरी पुष्कळ. सगळ्यात महत्त्वाचं पाणी साचता कामा नये, ओल्या मातीत मुळं आधीच अर्धमेली होतात आणि ती माती गोठली-फुगली की रोप वर उचललं जातं. जावयांना सांगा, बर्फ वितळल्यावर लगेच तिथं तीन-चार फुटाचा खड्डा घ्या. मातीचा रंग एकसारखा तांबूस-तपकिरी असेल तर ठीक, खाली राखाडी पट्टे आणि गंजासारखे ठिपके दिसले तर वर्षातले बरेच दिवस तिथं पाणी उभं असतंय असं समजा. तसं असेल तर जमिनीखाली भोकांचे पाईप टाकून निचरा काढतात, नायगारात ते सर्रास करतात, पण तो खर्च जमिनीच्या किमतीत धरा, म्हणजे ‘स्वस्त’ किती स्वस्त आहे ते कळेल.

शेजार बघा. बाजूला मका-गव्हाचं मोठं रान असेल तर टू-फोर-डी सारखं तणनाशक वाऱ्यावर येतं आणि द्राक्ष त्याला लई हळवं, पानं पंख्यासारखी चुरगळतात. आपल्याकडं ज्वारी-उसात मारलेलं टू-फोर-डी शेजारच्या द्राक्षात आणि कपाशीत उतरल्याची भांडणं पोलीस स्टेशनपर्यंत गेलेली आपण बघतोच. हरणं, पक्षी यांच्यासाठी कुंपण-जाळी लागतेच, ते सगळीकडंच.

एक सोपी खूण सांगतो, आजूबाजूला पीचच्या जुन्या बागा आहेत का विचारा. पीचचे डोळेही कडाक्यात मरतात, म्हणून जिथं पीच वर्षानुवर्षं फळतोय तिथला हिवाळा युरोपियन द्राक्षालाही बहुतेक झेपतो. नायगारात दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात ते उगाच नाही. आणि जिथं पीच कोणीच लावत नाही तिथं का लावत नाही हे म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा, एजंटला नाही.

व्यवहार करायच्या आधी एक हिवाळा-वसंत तरी थांबता आलं तर थांबा. कमाल-किमान दाखवणारे साधे थर्मामीटर महाग नसतात, एक वरच्या टोकाला, एक मध्ये, एक खाली, तारेच्या उंचीवर, म्हणजे जिथं पुढं डोळे असणार त्या उंचीवर बांधा. गार निरभ्र रात्रीनंतर सकाळी आकडे टिपून घ्या. आणि सूर्य उगवायच्या वेळेला स्वतः जाऊन उभं राहा, धुकं कुठं लोळतंय, पांढरं दव कुठं शेवटपर्यंत राहतंय ते डोळ्यानं दिसतं. मालक जमीन दाखवायला दुपारी उन्हात नेतो, तेव्हा सगळीच जमीन छान दिसते.

जात शेवटी. लोक उलटं करतात, आधी ठरवतात की पिनो न्वार लावायची आणि मग जमीन शोधतात. जागा नायगारासारखी नरम नसेल, उणे २५ च्या खाली जात असेल, तर संकरित जाती बघा, मिनेसोटा विद्यापीठानं १९९६ ला फ्रोंटनॅक आणि २००६ ला ‘मार्केट’ (Marquette) या जाती काढल्या, त्या उणे ३० च्याही खाली तग धरतात. वाईनवाला भाव कमी देईल, पण डोळे जिवंत राहतील. मधली वाट म्हणजे विडाल, तिच्यापासून तिकडं आईसवाईन करतात, म्हणजे घड वेलीवरच गोठू द्यायचे आणि पारा उणे ८ किंवा त्याखाली गेल्यावरच तोडायचे, ओंटारियोचा नियमच तसा आहे. थंडीत, बहुतेक रात्रीच, तोडणी! आपल्या मजुरांना सांगितलं तर दुसऱ्या दिवशी कोण यायचं नाही.

तर काका, वरची जागा घ्यायला सांगा, पण ती माथ्यावर आहे का मधल्या पट्ट्यात ते आधी विचारा, आणि तिच्या खालच्या हद्दीला झाडांची दाट रांग असेल तर तिथं हवेला वाट करून देता येते का तेही.

प्रश्न : मी जालन्याची. मोबाईलवर व्हिडिओ बघितला, चीनमध्ये हिवाळ्यात अख्खी द्राक्षबाग मातीत पुरून टाकतात. हे खरं आहे का काहीतरी बनवलेलं? आणि पुरलेली वेल मरत कशी नाही?

उत्तर : ताई, खरं आहे. चीनच्या निंगशिया भागात, हेलान डोंगराच्या पायथ्याला, वाईनची मोठी लागवड आहे. तिथली हवा इतकी कोरडी आणि थंडी इतकी कडक की उघडी काडी टिकत नाही. म्हणून नोव्हेंबरच्या सुमाराला छाटणी करून वेल तारेवरून सोडवतात, जमिनीवर आडवी करतात आणि तिच्यावर मातीचा वरंबा ओढतात, वसंतात परत उकरून तारेवर बांधतात. खोड वाकवताना मोडू नये म्हणून रोप लावतानाच तिरकं धरतात. मरत नाही कारण वेल तेव्हा झोपलेली असते, पानं नाहीत, वाढ नाही, आणि फूटभर मातीखाली गारठा फार पोचत नाही. ओंटारियोतसुद्धा प्रिन्स एडवर्ड काउंटी नावाच्या भागात खालच्या काड्या मातीखाली झाकतात. पण दरवर्षीची ही मजुरी आणि दरवर्षी थोडी खोडं मोडणारच. वरच्या काकांच्या लेकीला अशी जागा कोणी ‘स्वस्त’ म्हणून दाखवली तर या मजुरीचा हिशेब आधी करायला सांगा.

प्रश्न : बीडहून. फ्रान्समध्ये थंडी पडली की शेतकरी रात्री वेलीवर पाणी मारून बर्फ तयार करतात म्हणे. बर्फानं वाचवायचं म्हणजे कसं? आणि मेणबत्त्या पण लावतात.

उत्तर : शाब्ली भागात दोन्ही करतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं, एका ग्रॅमला ८० कॅलरी, त्यामुळं कोंबावर सतत पाणी पडत राहिलं आणि गोठत राहिलं तर आतला कोंब शून्याच्या आसपास राहतो, उणे दोन-तीनपर्यंत उतरत नाही. अट एकच, पहाटे मध्येच पंप बंद पडता कामा नये. पाणी थांबलं की ओल्या कोंबावरून बाष्पीभवन होतं आणि तो नुसत्या हवेपेक्षा जास्त गारठतो, म्हणजे न केलेलं परवडलं. सकाळी बर्फ सुटेपर्यंत चालू ठेवायचं. आपल्या लाईटच्या भरवशावर असलं काही करायचा विचारही नको, आणि तशी गरजही नाही. मेणबत्त्या म्हणजे मेणाच्या बादल्या, एकरी शंभर-दीडशे लावून पेटवतात, रात्रीचा खर्च बघितला तर डोळे पांढरे होतात. नायगारात उंच खांबावर मोठे पंखे दिसतात, ते वरची कोमट हवा खाली ओढतात. एप्रिल २०२१ मध्ये हे सगळं असूनही फ्रान्समध्ये बागाच्या बागा गेल्या. म्हणून जागेचंच बघा असं मी वर इतकं लांबण लावून सांगितलं.

प्रश्न : तुळजापूर तालुका. माझे दोन प्लॉट आहेत, वरचा मुरमाचा आणि खालचा ओढ्याला लागून. दरवर्षी जानेवारीत खालच्या प्लॉटची फुगवण थांबते, मणी गुलाबी पडतात, वरच्याला एवढं होत नाही. औषधवाला प्रत्येक वेळी नवीन टॉनिक देतो. जागेचा दोष आहे का खताचा?

उत्तर : भाऊ, दोन्ही प्लॉटला खत सारखंच देत असाल आणि त्रास एकालाच, तर उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय. औशाच्या काकांना जे सांगितलं ते तुमच्या ओढ्यालाही लागू आहे, फक्त आपल्याकडं गोठत नाही, पारा आठ-दहावर येतो. तेवढ्यात वेल मरत नाही, पण मुळांचं काम मंदावतं, मणी फुगायचा थांबतो. आणि मण्यात पाणी उतरायला लागलंय, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागलाय, दिवसा तीस अन् रात्री आठ, असा फरक पडला की हिरव्या जातीचे मणी गुलाबी होतात. त्यावर टॉनिक काय करणार.

काय करता येईल ते सांगतो. खालच्या हद्दीला काय आहे बघा. माझा अंदाज, बांधावर शेवरी नाहीतर सुबाभूळ दाट लावलेली असणार. वाऱ्यासाठी लावली ते बरोबर, पण ती ओढ्याच्या बाजूला असेल तर गार हवा बागेतच अडते. खालून दोन-अडीच फुटापर्यंत फांद्या छाटा, एक-दोन ठिकाणी वाट मोकळी करा. पश्चिमेची रांग राहू द्या, उन्हाळ्यात लागते. गारठ्याच्या दिवसात पहाटे ठिबक सोडा, विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतंय आणि ओली माती दिवसा जास्त ऊब धरते. घडांना पेपर लावायचा असेल तर पाणी उतरायच्या आधी लावा, गुलाबी झाल्यावर लावून फायदा नाही.

शेकोट्यांबद्दल एक गैरसमज आहे. लोक ओला पाला टाकून धूर करतात, धुरानं ऊब अडते असं समजून. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी उष्णता त्यांना अडवता येत नाही, ती निघूनच जाते, जे काही गरम होतं ते जाळानं. म्हणून दहा-बारा छोट्या शेकोट्या बागेभर करा, एक मोठी नको, मोठ्या जाळाची गरम हवा सरळ वर निघून जाते आणि बाजूची गार हवा आत ओढते. टायर जाळू नका, धूर मण्यावर बसतो, एक्सपोर्टचा माल असेल तर गेलाच.

पाचटाचं आच्छादन गार रात्री नडतं हे खरं आहे, त्याच्याखाली मातीची ऊब अडकून राहते आणि वरची हवा जास्त गारठते. तरी तुमच्या भागात मी ते काढायला सांगणार नाही, चार गार रात्रींसाठी मार्च-एप्रिलचं पाणी घालवायचं का? छाटणीच्या तारखेचा मात्र विचार करा. दोन्ही प्लॉट एकाच आठवड्यात छाटता का? खालचा वेगळा धरा, म्हणजे ऐन गारठ्यात त्याचा मणी नाजूक अवस्थेत सापडणार नाही, तारीख पावसाचा आणि बाजाराचा अंदाज बघून ठरवा, त्यासाठी पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे साप्ताहिक सल्ले वाचत जा, फुकट असतात.

प्रश्न : मी परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकतो. ‘डिग्री डे’ म्हणजे काय ते सोप्या भाषेत सांगा. त्यावरून जागा ठरवता येते का?

उत्तर : येते, पण अर्धीच. द्राक्षाची वेल १० डिग्रीच्या खाली फारशी वाढत नाही असं धरतात. दिवसाचं कमाल २४, किमान १०, सरासरी १७, त्यातून १० वजा, म्हणजे त्या दिवसाचे ७. असे १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर रोजचे आकडे मिळवत जायचं. डेव्हिसच्या विद्यापीठातल्या अमेरिन आणि विंकलर या दोघांनी १९४४ मध्ये कॅलिफोर्नियाचे असे पाच विभाग पाडले, बेरीज सुमारे १३९० च्या आत असेल तर तो सगळ्यात थंड पहिला विभाग. तुलनेसाठी आपलं बघ, त्या सात महिन्यांची सरासरी नुसती २७ धरली तरी १७ गुणिले २१४ दिवस, म्हणजे ३६३८. त्यांची मोजपट्टी आपल्यासाठी बनलेलीच नाही.

अर्धीच म्हणायचं कारण, ही बेरीज सांगते की मणी पिकेल का, पण वेल जगेल का हे सांगत नाही. दोन जागांची बेरीज सारखी असू शकते आणि एका जागी मे महिन्यात एका रात्री सगळे कोंब जळालेले असू शकतात. म्हणून बेरजेबरोबर गोठणविरहित दिवस बघायचे, वसंतातल्या शेवटच्या गोठणाऱ्या रात्रीपासून पानगळीच्या हंगामातल्या पहिल्या रात्रीपर्यंत, १५० च्या आत असतील तर नाद सोडायचा, १८० च्या पुढं असतील तर बरं. आणि मागच्या वीस-तीस वर्षांतलं सगळ्यात कमी तापमान, सरासरी नाही, सगळ्यात कमी.

एक प्रॅक्टिकल करून बघायला सांगतो, आपल्याच बागेतली जाड काडी घे. डोळा ब्लेडनं आडवा पातळ कापत जा, दोन-तीन चकत्या काढल्या की आत तीन ठिपके दिसतात, मधला मोठा आणि बाजूला दोन बारके. घड मुख्यतः मधल्यातून येतात, तो मेला तर बाजूचा फुटतो पण माल कमी. थंड देशात फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतकरी शंभरेक डोळे असे कापून बघतात, हिरवा म्हणजे जिवंत, तपकिरी म्हणजे मेला. निम्मे मधले डोळे मेलेले निघाले तर छाटणीत दुप्पट डोळे राखतात आणि तूट भरून काढतात. हे जमलं की निम्मं शास्त्र हातात आलं.

प्रश्न : औशाच्याच एका मित्राचा प्रश्न. पाहुणे कॅनडातून सुट्टीला येणार आहेत. बॅगेतून तिकडच्या द्राक्षाच्या दोन-चार काड्या आणायला सांगू का, इथं लावून बघतो.

उत्तर : नका सांगू. २००३ च्या प्लँट क्वारंटाईन आदेशाप्रमाणं लागवडीचा कुठलाही माल परवाना आणि तपासणीशिवाय देशात आणता येत नाही, विमानतळावर जप्त होतो. आणि समजा आलीच, तर काडीबरोबर खोडाच्या गाठी किंवा विषाणू घेऊन येईल आणि तो तुमच्याच बागेत नाही, शेजाऱ्याच्याही जाईल. शिवाय उणे तीसला टिकणारी जात तुळजापूर-औशाच्या मे महिन्यात काय करणार? इथं डॉगरिज किंवा ११० आर खुंटावर जे चाललंय ते बरं चाललंय. पाहुण्यांना काडी नको, ओढ्याकाठच्या जमिनीचे सकाळी सहाचे फोटो आणायला सांगा.